होबाबाची खिडकी

पोरीचं लग्न ठरून मोडलं, आणि मोडून पुन्हा त्याच घरी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मोडलं ते मुलीच्या बापामुळे आणि जुळलं तेही त्याच्यामुळेच. बैठकीत मुलाच्या आईनं आवाज चढवून सांगितलं, की लग्न आमच्या गावी होईल. बाप म्हणाला, हो. घरी आल्यावर बायकोनं आवाज चढवून सांगितलं, की लग्न आपल्याच गावी झालं पाहिजे. बाप म्हणाला, हो. दोन गावांत दोन हॉल ठरले. मग व्हायचं ते झालं. महिनाभर दोन्ही घरं एकमेकांचं तोंड बघेनात. शेवटी मुलाच्या आईनंच एक दिवस फोन करून असा काही तोंडाचा पट्टा सोडला, की बापानं फोन कानापासून हातभर लांब धरला आणि पुन्हा हो म्हटलं. लग्न तिच्या गावी ठरलं.

नातेवाईक म्हणाले, बाप मोठा समजूतदार. समजूतदार कसला. कानाला सुख मिळणार असेल तर ह्यानं स्वतःचं नाकसुद्धा कापून दिलं असतं, आणि वर फडक्यात गुंडाळून दिलं असतं.

हा बाप मोठ्या दवाखान्यात कारकून होता. माणसाच्या पोटातलं, छातीतलं आरपार बघणारं एक मोठं मशीन तिथं तळमजल्यावर होतं, आणि त्या मशीनवर कोणाची पाळी कधी, हे सांगणारी खिडकी ह्याच्या ताब्यात होती. मशीन एक, पोटं हजार. साध्या माणसाला दीड-दोन महिन्यांनंतरची तारीख मिळायची. पण रोज दोन जागा राखून ठेवलेल्या असत. डॉक्टरांनी ज्याच्या कागदावर लाल शाईनं 'तातडीचे' असं लिहिलं असेल, त्याच्यासाठी त्या दोन जागा. नियम असा होता.

एका सोमवारी खिडकीशी एक ठेकेदार उभा होता. कागदावर निळी शाई होती आणि गुडघा दुखत होता.

"दोन महिने? दोन महिने मी हा गुडघा घेऊन कुठं नाचू? तुझ्या साहेबाला बोलाव. नाव काय तुझं? आधी नाव सांग."

कारकुनाचे कान तापले. ओल्या फडक्याला पीळ घालावा तसा पोटात पीळ पडला. ठेकेदाराची अंगठी काचेवर टकटक वाजत होती, मागची रांग माना उंचावून बघत होती, आणि हा माणूस आता आणखी एक शब्द बोलला तर आपण खुर्चीतच विरघळून जाऊ, असं कारकुनाला वाटलं.

"हो बाबा, हो," तो म्हणाला. "परवा या. सकाळी नऊला."

ठेकेदार निघून गेला. गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या मानानं बराच भराभर गेला. खिडकीशी शांत झालं. पोटातला पीळ सुटला. कारकुनानं बाटली उचलून पाण्याचा एक घोट घेतला. त्या घोटाइतकी गोड चीज त्याच्या सबंध नोकरीत दुसरी नव्हती. परवाची राखीव जागा एका गुडघ्याला गेली. तिथं ज्याचं पोट यायला हवं होतं तो कुठल्यातरी वॉर्डात निपचित पडला होता. तो ओरडत नव्हता. आणि जो ओरडत नाही, तो ह्याच्या लेखी जन्मालाच आलेला नव्हता.

दवाखान्यात ह्याला सगळे होबाबा म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि खरं तर पुढ्यातही म्हणत, फक्त जरा हळू. रांगेतले जुने लोक नव्यांना शिकवून ठेवत, की गोड बोलाल तर लटकाल, हात आपटाल तर सुटाल. सुरुवातीच्या काळात ओरडणारा एखादाच यायचा. त्याला देऊन होबाबा मोकळा व्हायचा. मग दोन-चार यायला लागले. मग दिवसभर तोच बाजार. एकेकाला गप्प करताना त्यानं रांगेतल्या बाकीच्यांना ओरडायला शिकवलं, आणि वर घरी जाऊन बायकोला सांगायचा, हल्ली लोकांना बोलायचं वळणच राहिलेलं नाही.

ठेकेदाराच्या मागे एक निवृत्त शिक्षक होते. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. ते खिडकीशी वाकून म्हणाले, "हे बघा, मला जरा ओरडायचं आहे. बायकोनं तसं सांगून पाठवलंय."

समोरच्या बाकावर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बसला होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये तो तिथंच येऊन बसायचा, कारण तिथं फुकटात करमणूक व्हायची. तो खो खो हसला.

"मग ओरडा की मास्तर. वाट कसली बघताय?"

शिक्षकांनी घसा साफ केला. "हे अजिबात बरोबर नाही," ते म्हणाले. वर्गात शुद्धलेखन घालावं तसं म्हणाले.

होबाबानं त्यांना दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. शिक्षक कागद हातात घेऊन जरा वेळ तिथंच उभे राहिले.

"म्हणजे ह्याला ओरडणं म्हणत नाहीत का?"

"घरी सराव करून या मास्तर," ड्रायव्हर म्हणाला. "आरशासमोर."

*

घरीही हीच खिडकी होती, फक्त काच नव्हती.

लग्न होऊन आली तेव्हा ह्याची बायको हळू बोलायची. खोटं वाटेल, पण बोलायची. स्वयंपाकघराचा नळ गळत होता, तर तिनं सबंध हिवाळाभर हळू आवाजात सांगितलं, अहो, नळाचं तेवढं बघा. ह्यानं हूं म्हटलं आणि कूस बदलली. एक दिवस तिच्या हातून पातेलं निसटलं आणि फरशीवर आदळलं. ती काही रागावलेली नव्हती, हात ओले होते म्हणून निसटलं. पण हा दचकून उठला आणि त्याच संध्याकाळी नळवाल्याला घेऊन आला. बाई हुशार होती. दुसरं पातेलं तिनं जाणूनबुजून आदळलं. तेव्हापासून त्या घरात शब्दांपेक्षा भांडी जास्त बोलत. मुलगी मोठी झाली तशी तिनंही दार आपटायला शिकून घेतलं. कॉलेज, फोन, जावई, सगळं त्या पोरीनं दार आपटून मिळवलं.

शिकली नाही ती एकटी ताई.

ताई म्हणजे ह्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन भावाकडे आली आणि शाळेच्या मुलांचे गणवेश शिवून आपलं आपण भागवू लागली. मशीन घरातल्या बोळात, खिडकीखाली ठेवलेलं. हा कामावरून आला की म्हणायचा, "ताई, जरा ते बंद ठेव. डोकं उठतं." ताई म्हणायची, "असू दे, सकाळी शिवते," आणि पाय उचलायची.

ताईचं हे जुनंच होतं. लहानपणी ह्यांचे वडील घरात आले की आधी आवाज यायचा आणि मग वडील. कंदिलाची काच फुटली, शाई सांडली, की वडील दारात उभे राहून गरजायचे, कोणी केलं? हा भिंतीला चिकटायचा. ताई म्हणायची, "मी केलं." की ह्याच्या बाजूचा आवाज बंद. पुढं ताईच्या गालावर काय वाजायचं, ते ऐकायला हा थांबत नसे. मागच्या दारानं अंगणात जाऊन गोट्या खेळायचा. अंगावर आलेला आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर ढकलता येतो, आणि मग खेळ फार छान रंगतो, हे त्याला तेव्हा जे कळलं ते कळलं. त्यापुढं तो काहीही शिकला नाही.

तर त्या वर्षी ताईचं मशीन दिवसाउजेडीही मधूनमधून बंद पडू लागलं. ह्याला बरंच वाटलं. घर शांत झालं म्हणाला. बायको मात्र बोळात जाऊन बघून आली. ताई मशीनच्या चाकावर कपाळ टेकून बसली होती. एक हात पोटाशी आणि दुसऱ्या हातात गणवेशाची अर्धी पँट.

"ताई, काय होतंय?"

"काही नाही गं. जरा कळ येते. येते आणि जाते."

"केव्हापासून?"

"असू दे. पोरीचं लग्न होऊ दे आधी."

बायकोनं त्या दिवशी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं. दुसऱ्या दिवशी होबाबा ताईला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी ताईचं पोट दाबून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि खिशातलं लाल पेन काढलं.

"ह्याच आठवड्यात मशीनवर घ्या," त्या होबाबाला म्हणाल्या. "मला जे वाटतंय ते असेल, तर आत्ता काढून टाकता येईल. पसरलं तर माझ्या हातात काही राहायचं नाही. तुम्ही तर खिडकीतच आहात, तुम्हाला काय अडचण."

"हो, हो," होबाबा म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं गुरुवारची साडेनऊची राखीव जागा ताईला दिली. उभ्या नोकरीत लाल शाईला इतक्या लवकर जागा मिळाल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा.

*

गुरुवारी ताई पहाटेपासून काही न खाता आली आणि खिडकीसमोरच्या बाकावर, ड्रायव्हरशेजारी बसली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. तिचा लाल शाईचा कागद होबाबाच्या कोपराखाली होता.

सव्वानऊला एक कापडदुकानदार आला. त्याचं डोकं दुखायचं. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलेलं होतं, पण त्याला मनाची शांती हवी होती.

"मला आजच्या आज पाहिजे," तो म्हणाला.

"आज जागा नाही हो. पुढच्या महिन्यातली..."

"पुढच्या महिन्यात मी मेलो तर? तू जबाबदार? लिहून दे. अरे, लिहून दे मला. सगळ्यांनी ऐका, हा माणूस मला मारायला निघालाय."

सगळ्यांनी ऐकलं. दुकानदाराचा आवाज कापड फाडल्यासारखा टर्रकन वर जायचा. होबाबाचे कान तापले. पोटात पीळ पडला. त्यानं काचेतून पाहिलं. एका बाजूला दुकानदाराचं लाल तोंड काचेला लागलेलं आणि दुसऱ्या बाजूला, त्याच्या खांद्यावरून दिसणारी, बाकावर बसलेली ताई. ताई काही बोलत नव्हती. बोलणारही नव्हती, हे त्याला पोटातून माहीत होतं. दुकानदाराला नाही म्हटलं तर हा आवाज चालूच राहील. ताईला नाही म्हटलं तर कसलाच आवाज होणार नाही. हिशोब इतकाच होता, आणि तो करायला ह्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

"हो बाबा, हो. साडेनऊला घेतो तुम्हाला. बसा."

पीळ सुटला. बाटली. घोट.

मशीनवरच्या बाईनं दार उघडून विचारलं, "पुढं कोण? ती शिवणकामवाली ताई ना?"

"नाही, हे साहेब आहेत," होबाबा म्हणाला.

बाईनं एकदा दुकानदाराकडं पाहिलं, एकदा ताईकडं पाहिलं, खांदे उडवले आणि दुकानदाराला आत घेतलं. तिलाही आवाज नकोच होता. कोणाला हवा असतो?

मग होबाबा खिडकीबाहेर आला आणि ताईपुढं उभा राहिला. "ताई, मशीन बिघडलंय गं. आज व्हायचं नाही."

भिंतीपलीकडून मशीनचं ठक ठक ठक ऐकू येत होतं. ताईचा सगळा जन्म मशीनपुढं गेलेला. चालणारं मशीन कोणतं आणि बिघडलेलं कोणतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं जरा वेळ मान तिरकी करून ते ऐकलं.

"हो का," ती म्हणाली. "मशीनचं असं होतंच. माझंही मधेच अडतं. असू दे."

ड्रायव्हर त्या दिवशी हसला नाही. त्यानं आपल्या खिशातलं बिस्कीट काढून ताईपुढं धरलं. "घ्या मावशी. आता खायला हरकत नाही."

घरी बायकोनं दारातच विचारलं, "झालं?"

"मशीन बिघडलं," होबाबा म्हणाला आणि पातेल्याची वाट बघत उभा राहिला.

बायकोनं ताईकडं पाहिलं. "खरंच बिघडलं?"

"हो गं," ताई म्हणाली. "बिघडलंय."

पातेलं आदळलं नाही. होबाबाला इतकं हलकं वाटलं, की तो बऱ्याच दिवसांनी अंघोळ करताना गुणगुणला.

*

खोटं बोलून एकदा सुटका झाली, की पुढच्या वेळी जीभ आपोआप तिकडं वळते. पुढच्या आठवड्यात त्यानं ताईला पुन्हा जागा दिली आणि पुन्हा काढून घेतली. ह्या वेळी एका पुढाऱ्याचा मेव्हणा आला होता. मात्र ह्या वेळी होबाबानं हुशारी केली. ताई घरून निघायच्या आधीच फोन करून सांगून टाकलं, मशीनचा भाग यायचाय बाहेरून, अजून आलेला नाही. फोनवर तोंड दिसत नाही, त्यामुळे आणखी सोपं गेलं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं जागा द्यायचीही तसदी घेतली नाही. भाग अजून आलेला नाही, एवढंच सांगितलं. आणि मग लग्नच तोंडावर आलं. ताई स्वतःच म्हणाली, "लग्न होऊ दे रे. मंडपात आजारी आत्या कशाला." होबाबाला तिचा इतका उमाळा आला, की त्यानं तिच्यासाठी मऊ उशी आणली.

त्या दिवसांत एका संध्याकाळी तो ड्रायव्हरबरोबर घरी निघाला. रुग्णवाहिका त्याच रस्त्यानं जायची. हा पुढं बसला आणि गाडी सुरू झाली, तशी टूं टूं टूं अशी पिरपिर सुरू झाली.

"हे काय?"

"पट्टा," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्ही पट्टा लावला नाही म्हणून बोंबलतेय."

होबाबानं पट्टा ओढला. "काचतो हो पोटाला."

"मग माझ्यासारखं करा. बघा." ड्रायव्हर स्टिअरिंगवर जरा पुढं वाकला. त्याचा पट्टा पाठीमागून, सीटला लागून गेलेला होता आणि खिट्टीत नीट बसलेला होता. "खिट्टीत काहीतरी बसलं की ती गप्प. माणूस पट्ट्याच्या आत आहे का बाहेर, ते तिला कुठं कळतंय?"

होबाबानं पट्टा पाठीमागं घेतला आणि खिट्टीत बसवला. पिरपिर थांबली. त्यानं सीटवर मान टेकली.

"कसं वाटतं?"

"बरं वाटतं."

"पहिल्या दिवशी मुद्दाम करावं लागतं. चार दिवसांनी हात आपला आपण मागं जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही." ड्रायव्हरनं वळण घेतलं. "आता धडकलो, की आपण दोघंही काचेतून बरोबर जाणार. पण जाताना कटकट तरी नाही."

होबाबा हसला. ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलं आणि मग रस्त्याकडं बघितलं.

"त्या मावशींचं झालं का हो मशीनवर?"

"लग्नानंतर करू म्हणते ती."

"ती म्हणते," ड्रायव्हर म्हणाला, आणि घर येईपर्यंत पुढं काही बोलला नाही. होबाबाला तेही बरंच वाटलं.

*

लग्न झालं. मुलाच्या आईनं तिथंही ओरडून घ्यायचं ते घेतलं आणि होबाबानं द्यायचं ते दिलं. ताई मागच्या खुर्चीत बसून होती. नवरीच्या कपड्यांची शिलाई तिचीच होती. कोपऱ्याची टीप जरा वाकडी गेलीय, असं तीच ज्याला त्याला सांगत होती, म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगायला नको.

पाहुणे पांगले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होबाबा खिडकीत मान खाली घालून बसला होता. बाहेर कोणीतरी काचेवर असा हात मारला, की टेबलावरची बाटली हलली.

"आज. आत्ता. ह्याच मशीनवर. नाहीतर ही काच मी तुमच्या डोक्यात घालीन," आवाज आला.

"हो बाबा, हो, आत्ता घेतो," होबाबा म्हणाला आणि मग मान वर केली.

समोर त्याची बायको होती. तिनं एका हातानं ताईला धरलं होतं. ताई अर्धी झाली होती. ती रोज घरात दिसत होती, पण ती अर्धी झाली आहे हे ह्याला काचेतून दिसलं.

"बिघडलं होतं ना मशीन?" बायको म्हणाली. "मी आत्ता मशीनवरच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, वर्षभरात एक दिवस बंद नाही."

बाकावरचा ड्रायव्हर उठून उभा राहिला होता.

"अगं, जाऊ दे," ताई म्हणाली. "त्यानं तरी किती लोकांचं ऐकायचं."

ताईला आत घेतलं. मशीनवरची बाई एरवी काम करताना बडबडायची. त्या दिवशी ती काचेपलीकडं पडद्याकडं बघत राहिली. नंतर कागद डॉक्टरीणबाईंकडं गेले. डॉक्टरीणबाईंनी होबाबाला उभंच ठेवलं.

"हा लाल शाईचा कागद मी लग्नसराईच्या आधी दिला होता ना? इतके दिवस कुठं होता हा?"

"हो," होबाबा म्हणाला.

"कुठं होता म्हणून विचारतेय."

"हो बाई," तो म्हणाला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर ह्यानं काहीतरी कबूल केलं असतं आणि सुटला असता. त्यांनी कागदांना टाचणी लावली आणि म्हणाल्या, आता चाकू लावण्यात अर्थ नाही. दुखू नये म्हणून औषध देते. घरी न्या.

त्या दिवसापासून बायकोनं भांडी आपटायचं सोडून दिलं. ताट ठेवायची ते अलगद. दार लावायची तर कडी वाजायची नाही. दिव्याचं बटण बिघडलं, तर तिनं त्याला सांगितलंसुद्धा नाही, स्वतःच वीजवाल्याला बोलावून आणलं. होबाबा जेवताना मान खाली घालून वाट बघायचा. आवाज कधी येतोय, कधी आपण हो म्हणतोय आणि कधी हे संपतंय. पोटातला पीळ पडायचा तो पडूनच राहायचा. पाणी प्यायला तरी सुटायचा नाही.

एके दिवशी न राहवून तो म्हणाला, "अगं, एकदाची ओरड की माझ्यावर."

बायको भाजी चिरत होती. तिनं हात थांबवला नाही.

"कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणाल."

ह्यानंतर ह्या माणसानं केस पिकेपर्यंत पश्चात्ताप केला असं कोणी म्हणेल, तर तसं काही झालं नाही. आठवड्याभरात त्याला त्या शांततेची सवय झाली. घर आता पहिल्यासारखं कलकलत नाही, झोप बरी लागते, असं तो खिडकीशेजारच्या कारकुनाला सांगत होता, हे ड्रायव्हरनं आपल्या कानांनी ऐकलं.

औषध टोचायला ताईला दोनदा दवाखान्यात आणलं आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुन्हा आणू नका, उगाच धक्के बसतात. परत नेताना ड्रायव्हरनं रुग्णवाहिका अगदी दाराशी लावली. ताईला मागं झोपवलं. बायको तिच्या उशाशी बसली. होबाबा मागं चढायला गेला, तर बायकोनं जागा दिली नाही, नाहीही म्हणाली नाही. नुसती बसून राहिली. तो पुढं येऊन बसला.

गाडी सुरू झाली. टूं टूं टूं.

ड्रायव्हरनं स्वतःचा पट्टा त्या दिवशी छातीवरून घेतला होता. दवाखान्याचं फाटक गेलं, औषधांची दुकानं गेली, पिरपिर चालूच होती. मागं कुठल्याशा खड्ड्यात ताईच्या तोंडून अगदी बारीक आवाज निघाला आणि लगेच मिटला.

"लागलं का ताई?" बायकोनं विचारलं.

"असू दे," ताई म्हणाली. "ते काय वाजतंय गं?"

कोणी काही सांगायच्या आत होबाबाचा हात आपला आपण मागं गेला. त्यानं पट्टा पाठीमागून ओढला आणि खिट्टीत बसवला. टक.

आवाज थांबला. होबाबानं श्वास सोडला आणि मान मागं टेकली.

ताई त्याच महिन्यात, एका बुधवारी सकाळी, शाळा भरायच्या वेळेला गेली.